कान्येचं घर

"पँट नको घालूस," म्मा म्हणाली.

"मी सलवार-कमीज घालणार आहे."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. "मग ही खाली काय आहे?"

"सलवार."

"म्हणजे पँटच."

झालं. शेवटी तिच्याच कपाटातला निळ्या छापाचा, लेतेइसी नावाच्या कापडाचा घोळदार स्कर्ट कमरेला दोन सेफ्टी पिना लावून मी नेसले आणि खांद्यावरून माझी ओढणी घेतली. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या बोत्स्वानात, राजधानी गॅबोरोनला आलो होतो. मी एका शाळेत गणित शिकवत होते आणि म्मा माझ्याच स्टाफरूममध्ये बसायची. 'म्मा' म्हणजे बाई, ताई, मावशी, सगळंच. पुरुषाला 'रा'. दुकानदारापासून न्यायाधीशापर्यंत याच दोन शब्दांवर काम भागतं. शनिवारी ती मला तिच्या गावी खोत्ला दाखवायला घेऊन चालली होती. लिहिताना या शब्दाची सुरुवात क आणि ग या दोन अक्षरांनी होते, पण ऐकू येतो तो घशाच्या तळातून निघालेला ख. मला तो शेवटपर्यंत जमला नाही.

खोत्ला म्हणजे गावाची चावडीही आणि न्यायालयही. जाड लाकडी ओंडके जमिनीत पुरून केलेला अर्धवर्तुळाकार कूड, शेजारी गवताच्या छपराची उघडी ओसरी, मध्ये मोकळी जागा आणि तिथं काल रात्रीच्या शेकोटीची राख. लोक आपापली बसायची सोय घरून आणतात. कुणाचं तीन पायांचं बुटकं स्टूल, कुणाची घडीची खुर्ची. मी रिकाम्या हाती गेले होते, म्हणून एका आजीनं स्वतःच्या चटईचा कोपरा मला दिला. समोर खोसी, म्हणजे गावचा मुखिया. त्याच्या एका बाजूला चार म्हातारे सल्लागार, दुसऱ्या बाजूला टेबल टाकून बसलेली कारकून बाई. टेबलावर जाडजूड वही. बोलला गेलेला जवळजवळ प्रत्येक शब्द ती हातानं उतरवून घेत होती आणि हात दुखला की बोलणाऱ्याला थांबवून बोटं मोडत होती. ती बोटं मोडत असताना गावाचा न्याय थांबलेला असायचा.

खटला साधाच. एकाची गुरं दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली होती. ज्वारी ऐकून मला एकदम सोलापुरात आल्यासारखं वाटलं. ज्वारीवाला बोलला, गुरंवाला बोलला. मग खोसीनं विचारलं, आणखी कुणाला काही विचारायचंय? इथून खरी मजा सुरू झाली. काठी टेकत एक म्हातारा उठला. त्याचा ना या शेताशी संबंध ना त्या गुरांशी. वीसेक वर्षांपूर्वी त्याचा स्वतःचा बैल कसा हरवला होता, हे त्यानं साद्यंत सांगितलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी "मुद्द्याचं बोला" म्हटलं नाही. मी चुळबुळ करायला लागले तसं म्मा माझ्या कानाशी लागली, "म्मुआलेबे ओ बुआ ला गाग्वे." वाईट बोलणाराही आपलंच बोलत असतो, तेव्हा त्यालाही बोलू द्यावं. मी मोजलं, अकरा जण बोलले. खोसी सगळ्यांत शेवटी. आणि गंमत अशी की त्या म्हाताऱ्याच्या बैलाचा धागा त्यानं निकालात वापरला: कुंपण कुणी नीट ठेवायचं, याचा गावातला जुना दाखला तोच होता.

एकही वकील नव्हता. नसतोच. खोत्ल्यात वकिलाला उभं राहता येत नाही. ज्याला वकील हवा त्यानं खटला मॅजिस्ट्रेटकडे हलवण्याचा अर्ज करावा. खून, बलात्कार, राजद्रोह असली प्रकरणं खोसीच्या हातात नसतातच. चोऱ्यामाऱ्या, शिवीगाळ, हाणामाऱ्या, गुरं आणि वारसा हा त्याचा प्रांत. म्हणजे माणसाच्या रोजच्या जगण्यातला बहुतेक सगळाच. दंड करता येतो, थोडी कैद देता येते आणि चाळीस वर्षांच्या आतल्या पुरुषाला छड्याही मारता येतात. या शेवटच्या गोष्टीवर माझं आणि म्माचं परतीच्या बसमध्ये कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणे, पोरगा तुरुंगात बिघडून येण्यापेक्षा चार छड्या खाऊन घरी जेवायला आलेला बरा. मी पटवून घेतलं नाही, आजही घेतलेलं नाही. तिनंही तिचं सोडलं नाही.

या देशाचा आकार महाराष्ट्राच्या पावणेदोन-दोनपट आणि माणसं पंचवीस लाखांच्या आसपास. पण न्यायाचे जिने दोन आहेत. एक खोत्ल्यातून निघतो: खालचं पारंपरिक न्यायालय, त्यावर वरचं पारंपरिक न्यायालय, त्यावर पारंपरिक अपील न्यायालय. दुसरा आपल्या ओळखीचा, काळ्या झग्यांचा, मॅजिस्ट्रेटपासून सुरू होणारा. हे दोन्ही जिने उच्च न्यायालयाच्या दारात एकत्र येतात आणि सगळ्यांत वर असतं ते अपील न्यायालय, देशाचं शेवटचं दार. कामगारांच्या तंट्यांचं न्यायालय बाजूला वेगळं आहे, त्यात मी शिरत नाही. या दुसऱ्या जिन्यावरचा कायदा तर आणखी लांबून आलेला. ब्रिटिशांनी इथं संरक्षित राज्य थाटल्यावर वेगळा कायदा लिहीत बसण्याऐवजी फर्मान काढलं की १० जून १८९१ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत जो कायदा चालू असेल तोच इथं लागू. केपचा कायदा डचांनी नेलेला, डचांचा रोमपर्यंत पोचणारा. कलहारी वाळवंटाच्या कडेला बसलेल्या माणसाचं भाडेपत्र रोमचे कायदे एकत्र करवणाऱ्या जस्टिनियन सम्राटाच्या पुतण्या-भाच्यांनी तपासावं, तसलाच प्रकार. आणि त्याच माणसाच्या आईचं घर कुणाला मिळणार, हे मात्र खोत्ला ठरवणार.

आता ते घर.

गॅबोरोनच्या नैर्ऋत्येला, गाडीनं तास-सव्वा तासावर टेकडीच्या अंगाखांद्यावर पसरलेलं कान्ये हे गाव आहे. बांग्वाकेत्से लोकांची राजधानी. तिथल्या एका घरासाठी एडिथ म्मुसी आणि तिच्या बहिणी लढल्या. सगळ्या पासष्टी ओलांडलेल्या, एडिथ तर ऐंशीच्या घरातली. घर आईवडिलांचं. बहिणींनी ते पदरच्या पैशानं सांभाळलेलं, वाढवलेलं. एडिथ तिथंच राहत होती. २००७ साली सावत्र भावाच्या मुलानं खोत्ल्यात दावा लावला: बांग्वाकेत्सेंच्या रीतीप्रमाणे आईवडिलांचं राहतं घर धाकट्या मुलाकडे जातं, त्याच्याकडून ते माझ्या वडिलांकडे आलं, वडिलांकडून माझ्याकडे. तेव्हा आत्यानं घर सोडावं.

धाकट्या मुलाला घर, ही रीत ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्यात व्यवहार आहे. थोरले एकेक करून आपापली घरं मांडतात, गुरं वाटली जातात, धाकटा म्हाताऱ्यांजवळ राहतो, त्यांचं करतो, म्हणून घर त्याचं. इथवर मला पटतं. पण म्हाताऱ्यांचं प्रत्यक्ष कुणी केलं, हे न पाहता ते धाकट्या 'मुलानं' केलं असं धरून चालायचं, इथं रीतीचं फक्त टरफल उरतं.

खालच्या न्यायालयानं भाच्याच्या बाजूनं निकाल दिला. २००८ मध्ये वरचं पारंपरिक न्यायालय म्हणालं, घर सगळ्या भावंडांचं. २०१० मध्ये पारंपरिक अपील न्यायालयानं ते पुन्हा उलटवलं: घर भाच्याचं, एडिथनं मुदतीत बाहेर पडावं. तीन पायऱ्या आणि दोन कोलांट्या. तिथवर वकील नाहीच. त्यानंतर म्हाताऱ्या बहिणी पुढचा जिना चढल्या. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं पाठबळ दिलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

मी हे सगळं म्माच्या तोंडून ऐकलं तेव्हा निकाल लागून गेला होता. ती सांगत होती आणि मला दिसत होतं ते कान्ये नव्हतंच. मला दिसत होतं आमच्याकडचं दुय्यम निबंधकाचं कार्यालय, हिरव्या रेक्झिनचं बाकडं आणि त्यावर पदर सावरून बसलेली माझी आत्या.

आजोबा गेले तेव्हा मी दहावीत होते. वारस म्हणून आत्यांची नावं सातबाऱ्यावर चढली आणि घरात एकदम कुजबुज सुरू झाली. कुणी वाईट बोललं नाही. आमच्या घरात कुणी वाईट बोलत नाही, फक्त कागद तयार असतात. हक्कसोडपत्र तयार होतं. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दोन पावसाळ्यांआधी आजोबांचं घर गळायला लागलं, तेव्हा कौलं बदलायचे पैसे तिनंच दिले होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. कारकुनानं विचारलं, "बाई, स्वखुशीनं देताय ना?" आत्या म्हणाली, "हो बाबा, खुशीच लिही." त्यानं तेच लिहिलं. नंतर तिला साडीचोळी झाली, पुरणपोळीचं जेवण झालं आणि काका दाराशी उभं राहून म्हणाले, आपल्यात अशीच रीत आहे.

आपल्यात. ही रीत नेमकी किती जुनी होती, हे त्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. बहिणीचं हक्कसोडपत्र हा प्रकारच मुळी बहिणींना कायद्यानं हक्क आल्यानंतरचा. हक्क नसेल तर सोडायचं काय?

रीत या शब्दाशी माझं तेव्हापासूनच बिनसलं आहे. बोत्स्वानात गेल्यावर कळलं, की रीतीला असं दगडासारखं करण्यात साहेबाचाही हात होता. १९३०च्या दशकात वसाहतीच्या प्रशासनाला त्स्वाना लोकांचा कायदा एका ठिकाणी लिहिलेला हवा होता. आयझॅक शपेरा नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं गावोगाव फिरून, लोकांना विचारून तो लिहिला. १९३८ मध्ये पुस्तक आलं आणि पुढे न्यायालयांतही त्याचे दाखले निघत राहिले. माणूस मोठा कसोशीचा होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण अकरा जणांनी बोलून, म्हाताऱ्याच्या बैलाची गोष्ट ऐकून जी रीत दर वेळी थोडी सरकायची, ती छापली गेली की सरकायची थांबते. आपल्याकडेही हे झालंय. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या सरकारनं दख्खनमधल्या जातीजातींचे रीतिरिवाज गोळा करवले. आर्थर स्टीलनं केलेलं ते संकलन १८२७ मध्ये छापलं गेलं. विचारलं कुणाला, तर शास्त्र्यांना आणि जातीच्या पुढाऱ्यांना. धुणं धुणाऱ्या बाईला कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

खोत्ल्यातही बाईची कथा वेगळी नव्हती. सेरेत्से खामा हा बामांग्वातो जमातीच्या गादीचा वारसदार विलायतेत शिकायला गेला आणि १९४८ साली त्यानं रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. त्यावरून त्यांच्या सेरोवे गावच्या खोत्ल्यात तीनदा सभा भरली. पहिल्या दोनदा लोक विरोधात. जून १९४९ मध्ये त्यानं विचारलं, मी आणि माझी बायको कुणाला नको आहोत? मोजके उभे राहिले. आणि कुणाला हवे? हजारो उठले. हाच सेरेत्से पुढे स्वतंत्र बोत्स्वानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, त्यामुळे ही सभा तिथं शाळेच्या पोरांनाही पाठ असते. तिच्यातली एक गोष्ट मला फार नंतर जाणवली. उठणारे सगळे पुरुष होते. प्रश्न एका बाईला घरात घेण्याचा, आणि मत द्यायला बाई एकही नाही.

उच्च न्यायालयात एडिथचं प्रकरण न्यायमूर्ती डिंगाके यांच्यापुढे आलं. १२ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांनी निकाल दिला: बाई म्हणून वारसा नाकारणारी रीत राज्यघटनेच्या समतेत बसत नाही, सबब ती टिकणार नाही. सरकारी बाजूचा सूर असा होता की समाज अजून तयार नाही. डिंगाके म्हणाले, नवं जग जन्माला येण्यासाठी धडपडत असेल तर न्यायालयानं सुईणीचं काम करावं. ही सुईण मला इतकी आवडली की मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. सुईण मूल जन्माला घालत नाही. मूल आतून येतच असतं, ती फक्त हात देते.

डिंगाकेंच्या वाटेत घटनेतलीच एक अडचण होती. बोत्स्वानाच्या घटनेचं पंधरावं कलम भेदभावाला मनाई करतं आणि त्याच दमात लग्न, घटस्फोट, दफन, मृत्यूनंतरची मालमत्ता यांना त्या मनाईतून सूट देतं. म्हणजे बाईच्या आयुष्यात जिथं जिथं भेदभाव व्हायचा, नेमक्या तिथं तिथं दार उघडं. डिंगाकेंनी तिसऱ्या कलमातल्या सर्वांना समान संरक्षणाचा आधार घेतला. त्याआधी १९९२ मध्ये युनिटी डाउ या वकील बाईंनी घटनेचं असंच एक कुलूप उघडलं होतं. नवरा परदेशी म्हणून लग्नानंतर झालेली त्यांची मुलं बोत्स्वानाची नागरिक नाहीत, लग्नाआधी झालेली मुलगी मात्र नागरिक, असा कायदा होता. अपील न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी त्या जिंकल्या. पुढे त्या स्वतःच उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या.

भाच्यानं अपील केलं. ३ सप्टेंबर २०१३ रोजी अपील न्यायालयानं निकाल दिला, बहिणी जिंकल्या, घर राहिलं. पण वाट अगदी निराळी. न्यायमूर्ती इसाक लेसेतेदी यांनी घटनेच्या शस्त्राला हात घालण्याआधी साधा प्रश्न केला: ही रीत खरंच अशी आहे का? बांग्वाकेत्सेंमध्ये मुलींना कधीच घर मिळालं नाही, हे कुणी सांगितलं? आणि त्यांना दिसलं की कुटुंब बसून बोलतं, कुणी सांभाळलं ते पाहिलं जातं, रीत लवचीक असते आणि काळाबरोबर चालते. बायका घरं चालवताहेत, कमावताहेत, तेव्हा जुन्या चौकटीला चिकटून राहायला कारण उरत नाही. म्हणजे उच्च न्यायालय म्हणालं, तुमची रीत घटनेत बसत नाही. अपील न्यायालय म्हणालं, अहो, तुम्ही सांगता ती तुमची रीतच नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा पळपुटेपणा वाटला. रोखठोक बोलायचं सोडून बाजूनं निघून गेल्यासारखा. डिंगाकेंनी उघडलेलं मोठं दार यांनी हळूच लोटून घेतलं, असंही काही वकिलांचं म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जमातीच्या बाईला आपल्या रीतीसाठी पुन्हा हा सगळा जिना चढावा लागू शकतो. पण जसजशी मी त्यावर विचार करत गेले तसतसं काकांचं ते वाक्य आठवत गेलं. आपल्यात अशीच रीत आहे. त्या वाक्याला "कायदा वेगळा आहे" हे उत्तर त्या दिवशीही उपलब्ध होतं आणि त्याचा शून्य उपयोग झाला. कायद्याला उत्तर म्हणून तर तो कागद होता. "काका, अशी रीत आपल्यात कधी होती?" हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. पंधरा-सोळा वर्षांची होते, पण पुरणपोळी वाढत होते आणि तोंड होतं.

म्माला दोन्ही निकालांत विशेष नवल वाटलं नव्हतं. तिच्या लेखी खरी गोष्ट २००३ मध्येच होऊन गेली होती. रामोत्स्वा गावच्या बालेते लोकांच्या गादीवर त्या वर्षी एका बाईला रीतसर बसवलं गेलं. मोसादी सेबोको या देशातल्या जमातींच्या पहिल्या स्त्री-प्रमुख. सेत्स्वाना भाषेत 'मोसादी' म्हणजेच बाई. "तिच्या आईवडिलांनी नाव ठेवतानाच सांगून ठेवलं होतं," म्मा म्हणायची आणि हसून हसून तिचा स्टाफरूममधला चहा सांडायचा. मी विचारलं, मग त्या खोत्ल्यात पँट चालते का? नाही, पँट अजूनही नाही चालत. बाई खुर्चीवर बसू शकते, पण स्कर्ट घालून. मला हा हिशोब कधी कळला नाही आणि म्माला त्यात न कळण्यासारखं काही दिसलं नाही.

जुन्या उच्च न्यायालयाचं गाव लोबात्से मी एकदा पाहून आले. गॅबोरोनच्या दक्षिणेला सत्तरेक किलोमीटर. त्या गावात तीन गोष्टी प्रसिद्ध: न्यायालय, मनोरुग्णालय आणि देशातला मोठा कत्तलखाना. एका तंट्याला यातलं काय काय लागेल सांगता येत नाही. एके काळी अपील न्यायालयाचे न्यायाधीश परदेशातून येत, वर्षातून थोडे दिवस बसत, निकाल देत आणि विमानानं परत जात. त्या लोकांना ज्वारीत शिरलेल्या गुरांविषयी काय वाटत असेल, असा विचार मी त्या इमारतीसमोर उभी राहून करत होते. लेसेतेदी इथलेच, डिंगाकेही इथलेच. कदाचित लहानपणी दोघांनीही अशा एखाद्या लांबलेल्या सभेत बसून जांभया दिल्या असतील.

भारतात परतल्यावर मी आत्याला भेटायला गेले. आता ती ऐंशीला टेकली आहे, कमी ऐकू येतं, पण शिक्षिकेचा ताठा तसाच. कान्येची सगळी गोष्ट तिला सांगितली, मोठ्या आवाजात, मधेमधे खुणा करत. खालचं न्यायालय, वरचं, त्याच्या वरचं, मग परत दोन. ती बोटांवर मोजत होती.

"पाच?"

"पाच."

"सहा वर्षं?"

"हो. आणि सगळ्या तुझ्याच वयाच्या."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा शेवटपर्यंत दर दिवाळीला आला हं माझ्याकडे. सही केली म्हणून आला." मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं हात वर केला, वर्गात करायची तसा. तिचा प्रश्न अजून संपला नव्हता.

"त्या बहिणींनी घराला पैसे घातले म्हणालीस. छप्पराला पण?"

"असतील."

"पत्र्याचं की कौलांचं?"